‘पिक्चर कसा वाटला?’ या प्रश्नाला आपले उत्तर काय असते?

चित्रपट सुटतो, आपण पार्किंगमध्ये गाडी काढतो आणि तेवढ्या वेळात निकाल लागलेला असतो. ‘एक नंबर’, ‘टाइमपास’, ‘डोक्याला ताप’, ‘सेकंड हाफ पकवतो’. घरी पोहोचेपर्यंत स्टेटसला पोस्टर आणि त्याखाली चार तारे. यात वावगे काही नाही. चित्रपट म्हणजे परीक्षेचा पेपर नव्हे आणि प्रत्येक प्रेक्षकाने समीक्षक व्हावे असा कायदाही नाही.

पण गेल्या दहा-बारा वर्षांत पडद्यावर एक बदल झाला आहे. ‘फँड्री’ (२०१४), ‘कोर्ट’ (२०१५), ‘सैराट’ (२०१६), ‘काला’ (२०१८), ‘जय भीम’ (२०२१), ‘झुंड’ (२०२२) आणि एकट्या २०२५ मध्ये ‘फुले’, ‘धडक २’ व ‘होमबाउंड’. जो समाज पडद्यावर एक तर दिसत नव्हता किंवा हात जोडून उभा असलेला दिसत होता, त्याच्या आयुष्यावर आता मोठ्या पडद्यावर बोलले जात आहे. अशा वेळी त्या समाजातील तरुणांचे मतही ‘एक नंबर’ आणि ‘बोर’ या दोनच शब्दांत संपत असेल, तर त्या चित्रपटाचा अर्थ दुसरेच कोणीतरी ठरवते. वर्तमानपत्रातला समीक्षक ठरवतो, यूट्यूबवरचा रिव्ह्यूवाला ठरवतो, प्रमाणपत्र देणारे मंडळ ठरवते. आपण तिकीट काढतो, टाळ्या वाजवतो आणि घरी येतो.

साधे प्रेक्षकमत बनते कसे, ते कुठे तोकडे पडते आणि त्याला वजन कसे आणता येईल, हे समजून घेण्यासाठी हा लेख.

मत आभाळातून पडत नाही

‘ज्याची त्याची आवड’ असे आपण सहज म्हणतो. समाजशास्त्र मात्र तिथे थांबत नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्दिए यांनी १९७९ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की माणसाची आवडनिवड त्याच्या घराची, शिक्षणाची आणि वर्गाची खूण असते. ‘उच्च अभिरुची’ नावाची वस्तू कुणी जन्माला येताना सोबत आणत नाही. ती घरात, शाळेत, मित्रांत घडते आणि मग तिचाच उपयोग दुसऱ्याला खाली लेखण्यासाठी होतो.

जमैकात जन्मलेले आणि इंग्लंडमध्ये काम केलेले स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्ये आणखी एक कामाची गोष्ट मांडली. कलाकृती बनवणारा तिच्यात एक अर्थ भरतो, पण पाहणारा तोच अर्थ बाहेर काढेल याची खात्री नसते. पाहणारा तीन प्रकारे वागतो. एक, दिलेला अर्थ जसाच्या तसा घेतो. दोन, थोडा घेतो, थोडा आपल्या अनुभवाप्रमाणे वळवतो. तीन, तो अर्थच नाकारून आपल्या बाजूने वाचतो.

‘सैराट’ आठवून पाहा. कुणी म्हणाले, ‘काय लव्हस्टोरी आहे, शेवटी रडवले.’ कुणी म्हणाले, ‘जात आहेच हो, पण पोरांनी आधी शिकायला पाहिजे होते.’ आणि कुणी म्हणाले, ‘ही आर्ची-परश्याची गोष्ट आहेच, पण त्याहून जास्त ती पाटलाच्या वाड्याची गोष्ट आहे.’ चित्रपट एकच, वाचन तीन. यातले कोणते वाचन आपले, हे आपल्याला माहीत असणे म्हणजे मत असणे. बाकी सगळा मूड.

आणखी एक साधी गोष्ट. मत देण्याआधी चित्रपट पाहता आला पाहिजे. आपल्या शहरात आता बहुतेक नवे चित्रपट मॉलमधल्या पडद्यावर लागतात. मुकुंदवाडी किंवा भावसिंगपुऱ्यातल्या चौघांच्या कुटुंबाने तिकीट, पेट्रोल आणि मध्यंतराचे खाणे धरले, तर एका माणसाची दिवसाची मजुरी पुरत नाही. रात्रीच्या खेळाला मुलींना पाठवत नाहीत. म्हणून वस्तीचे मत म्हणून जे पुढे येते, ते बहुतेक वेळा वीस ते तीस वयाच्या मुलांचे मत असते. त्यांच्या आईने आणि बहिणीने तोच चित्रपट सहा महिन्यांनी मोबाइलवर तुकड्या-तुकड्यांत पाहिलेला असतो आणि तिला कुणी विचारलेले नसते.

नेहमी ऐकू येणारी पाच मते

अभ्यासिकेत, जयंतीच्या बैठकीनंतर, चहाच्या टपरीवर या चित्रपटांविषयी बोलणे निघते, तेव्हा फिरून फिरून पाच प्रकारची मते ऐकू येतात.

पहिले, ‘बोर आहे, संथ आहे’. हे मत चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’विषयी सर्वांत जास्त ऐकले. त्यात शाहीर नारायण कांबळे या वृद्ध लोककलावंतावर असा खटला भरला जातो की त्याच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने गटारात उतरून जीव दिला. शाहिराची भूमिका नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केली होती. १३ एप्रिल २०२१ रोजी, जयंतीच्या आदल्या दिवशी, कोरोनाने ते गेले. हा चित्रपट संथ आहे हे खरेच आहे. तारीख पडते, पुढची तारीख पडते, वकील जेवायला जातात, न्यायाधीश सहलीला जातात आणि म्हातारा आत राहतो. ज्याने कोर्टाची पायरी चढली आहे त्याला विचारा, न्यायालयातला वेळ असाच जातो. ‘संथ आहे’ या निरीक्षणापुढे ‘का संथ आहे?’ एवढा एक प्रश्न जोडला की तेच निरीक्षण समीक्षा होते.

दुसरे, ‘आपला आहे म्हणून चांगला’. ही माया समजण्यासारखी आहे. ‘जय भीम’ नोव्हेंबर २०२१ मध्ये ओटीटीवर आला, तेव्हा प्रेक्षकांनी आयएमडीबी या संकेतस्थळावर त्याला इतके भरभरून गुण दिले की तो ९.६ गुणांसह यादीच्या वर जाऊन बसला. सामान्य प्रेक्षकाच्या मताची ही ताकद आहे. पण गुण देऊन झाल्यावर त्या चित्रपटातल्या इरुळर आदिवासींविषयी आपण किती बोललो? महाराष्ट्रात पारधी वस्तीवर रात्री पोलीस येतात तेव्हा काय होते, याच्याशी तो जोडून किती पाहिला?

तिसरे, ‘आमचे नुसते हालच दाखवतात’. या मतात दुखावलेला स्वाभिमान आहे आणि तो खोटा नाही. ‘धडक २’ मध्ये नायकाचा रंग मुद्दाम सावळा केला, त्यावर प्रेक्षकांनीच आक्षेप घेतला. दलित म्हटला की काळा, मळका आणि झुकलेला असलाच पाहिजे, ही दिग्दर्शकाच्या डोळ्यातली सवय आहे. तिच्यावर बोट ठेवणारे हे समीक्षक नव्हते, साधे प्रेक्षक होते.

चौथे, ‘आता असे कुठे राहिले आहे?’ हे मत बाहेरचेच देतात असे नाही. शहरात वाढलेली, सिडकोत फ्लॅट घेतलेली आपलीही मुले देतात. त्याचे उत्तर पुढे ‘सैराट’च्या संदर्भात येईल.

पाचवे, न पाहताच दिलेले मत. हे सर्वांत वेगाने पसरते.

न पाहता दिलेले मत आणि ‘फुले’

अनंत महादेवन दिग्दर्शित ‘फुले’ ११ एप्रिल २०२५ ला, म्हणजे जोतीरावांच्या जयंतीला यायचा होता. ट्रेलर आला आणि काही ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतला. प्रमाणन मंडळाने बदल सुचवले. जातींची नावे, ‘पेशवाई’ हा शब्द, हजारो वर्षांच्या गुलामीचा आकडा, अशा गोष्टी त्यात होत्या. शेवटी चित्रपट २५ एप्रिलला आला.

या चौदा दिवसांत चित्रपट कुणीही पाहिलेला नव्हता आणि मत मात्र प्रत्येकाकडे होते. विरोध करणाऱ्यांकडे होते, तसे आपल्याकडेही होते. स्टेटस भरून वाहत होते. चित्रपट लागल्यावर मात्र माझ्या परिचयातल्या गटांवरची चर्चा आटली. चित्रपटात सावित्रीबाई किती दिसतात, फातिमाबी किती दिसतात, सत्यशोधक समाजाचे काम किती आले, यावर बोलणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

केसपुत्त गावच्या कालामांनी तथागतांना विचारले होते की इतके लोक इतके काही सांगतात, आम्ही खरे कुणाचे मानावे? ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून मानू नका, स्वतः तपासून पाहा, असा त्या उत्तराचा आशय. हा उपदेश आपण विहारात ऐकतो. तो व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या ‘हा पिक्चर आपल्या विरोधात आहे, बहिष्कार टाका’ या निरोपालाही लागू पडतो आणि ‘हा पिक्चर आपला आहे, न पाहणारा गद्दार’ या निरोपालाही.

इथे कायद्याची एक बाजू माहीत असावी. चित्रपटाला प्रमाणपत्र १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली मिळते. मंडळाने सुचवलेले बदल मान्य नसतील तर निर्मात्याला पूर्वी एका अपील न्यायाधिकरणाकडे जाता येत असे. ते न्यायाधिकरण एप्रिल २०२१ मध्ये बंद झाले. आता मंडळाच्या फेरविचार समितीनंतर थेट उच्च न्यायालय. त्यात वेळ आणि पैसा जातो, प्रदर्शनाची तारीख हातची जाते. म्हणून बहुतेक निर्माते बदल करून मोकळे होतात. ‘धडक २’ मध्ये १६ बदल झाल्याच्या बातम्या होत्या. हे माहीत असलेला प्रेक्षक चित्रपट वेगळ्या कानांनी ऐकतो. एखादा शब्द जिथे यायला हवा होता आणि आला नाही, ती जागा त्याला ऐकू येते.

रथ म्हणजे नेमके काय?

आपल्या शहरात नागसेनवन आहे आणि तिथे १९५० मध्ये सुरू झालेले महाविद्यालय आहे. बाबासाहेबांनी त्याला मिलिंदाचे नाव दिले. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा आणि नागसेन उत्तर देणारे भिक्खू. ‘मिलिंदपञ्हा’तला रथाचा प्रसंग आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. राजा रथातून आला. नागसेनांनी विचारले, रथ म्हणजे काय? चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? दांडा म्हणजे रथ का? यातले एकेक रथ नव्हे, आणि हे सगळे सोडून रथ म्हणून वेगळे काही नाही. भाग एकमेकांना जोडले गेले की आपण त्याला रथ म्हणतो.

चित्रपटाचेही तसेच आहे. कथा म्हणजे चित्रपट नव्हे, गाणी म्हणजे नव्हे, हिरो म्हणजे नव्हे, ‘मेसेज’ म्हणजेही नव्हे. म्हणून ‘स्टोरी चांगली आहे’ म्हणणे हे चाक चांगले आहे म्हणण्यासारखे. पाहून आल्यावर पुढचे सात प्रश्न स्वतःला विचारले, तर रथाचे बरेचसे भाग तपासून होतात.

१. कॅमेरा कुणाच्या डोळ्यांनी पाहतो? वस्ती दाखवताना तो वरून, लांबून पाहतो की जमिनीवर उभा राहून? ‘फँड्री’त आपण जब्याच्या उंचीवरून गाव पाहतो.

२. आडनाव उच्चारले जाते का? ‘सैराट’चा हिंदी अवतार ‘धडक’ २०१८ मध्ये आला. मूळ गोष्टीचा कणा जातीचा होता. रिमेकमध्ये तो इतका पातळ झाला की श्रीमंत राजकारण्याची मुलगी आणि साध्या घरातला मुलगा एवढेच उरले. हत्या राहिली, कारण गायब झाले.

३. निर्णय कोण घेतो? ‘जय भीम’ मध्ये लढा वकील चंद्रू लढतो हे खरे. पण तडजोडीचे पैसे नाकारते ती सेंगेनी, गरोदर आणि निरक्षर बाई. तो क्षण चित्रपटाने तिला दिला. उद्धारक बाहेरून येतो आणि आपली माणसे नुसती रडतात, अशा चित्रपटांत हा क्षण नसतो.

४. घर, ताट आणि काम कसे दाखवले आहे? घरात पुस्तके आहेत का? फोटो कुणाचे आहेत? काम करणारे हात दिसतात की फक्त घाम?

५. बाईच्या वाट्याला काय आले? ‘सैराट’मध्ये आर्ची ट्रॅक्टर आणि बुलेट चालवते. मुलांच्या गप्पांत ते ‘स्टाईल’ म्हणून येते. एका बैठकीत एका मुलीने मला विचारले, ‘तिच्याकडे ट्रॅक्टर होता म्हणून ती चालवू शकली. आमच्या घरी सायकल भावाची आहे.’ हे वाक्य कुठल्याही छापील परीक्षणाच्या तोडीचे आहे.

६. आपली चिन्हे कथेत काही काम करतात का? पा. रंजित यांच्या ‘काला’तल्या जीपचा क्रमांक एमएच ०१ बीआर १९५६. आपल्या मुलांनी तो हेरला आणि देशभर फिरवला. डोळा तयार असल्याची ही खूण आहे. पण तिथे थांबू नये. ‘झुंड’मध्ये जयंतीच्या मिरवणुकीत बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे अमिताभ बच्चन हात जोडतात, तेव्हा टाळ्या पडतात. ‘फँड्री’मध्ये पकडलेले डुक्कर काठीला बांधून जब्याचे कुटुंब शाळेच्या भिंतीवरून जाते, त्या भिंतीवर बाबासाहेबांचे, सावित्रीबाईंचे चित्र आहे. तिथे टाळी पडत नाही, घशात काहीतरी अडकते. पहिल्या ठिकाणी चिन्ह आपला मान वाढवते, दुसऱ्या ठिकाणी ते प्रश्न विचारते की भिंतीवर महापुरुष रंगवलेल्या गावात हे कसे चालू आहे? दोन्हींची किंमत वेगळी आहे आणि ती ओळखता आली पाहिजे.

७. शेवट कुणाला उत्तर मागतो? ‘फँड्री’चा शेवटचा दगड सरळ कॅमेऱ्याकडे येतो, म्हणजे खुर्चीत बसलेल्याकडे. तो आपल्याला लागला की आपण बाजूला सरकलो?

‘शेवट नको होता’

‘सैराट’विषयी हजारो प्रेक्षकांनी म्हटले, ‘सगळे छान होते, शेवट तेवढा नको होता.’ हे मत गंभीरपणे घेतले पाहिजे, कारण त्यात आशा आहे. ती दोन पोरे जगायला हवी होती, असे वाटणे हा माणुसकीचा भाग झाला. पण दिग्दर्शकाने शेवट मनाने रचला का?

‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ ला प्रदर्शित झाला. त्याच्या बरोबर दोन वर्षे आणि एक दिवस आधी, २८ एप्रिल २०१४ रोजी, अहमदनगर जिल्ह्यातल्या खर्डा गावात बारावीत शिकणाऱ्या १७ वर्षांच्या दलित मुलाला मारून झाडाला टांगले गेले. वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो, हा त्याचा गुन्हा असल्याचे सांगितले गेले. नोव्हेंबर २०१७ मध्ये जिल्हा न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. ‘आता असे कुठे राहिले आहे?’ या चौथ्या मताचे उत्तर इथे आहे. आपल्या शहरातून खर्डा काही तासांच्या अंतरावर आहे. पडद्यावर शेवट बदलला असता तर प्रेक्षक हलक्या मनाने घरी गेले असते. खर्ड्याचा शेवट बदलला नसता.

पाहिलेल्या चित्रपटाच्या शेजारी आपल्या भागातली एक खरी घटना ठेवून पाहण्याची ही रीत आहे. ती कुठल्याही अभ्यासक्रमात शिकावी लागत नाही. तिला लागते ती आठवण.

‘होमबाउंड’ आणि करमाड

नीरज घायवान यांचा ‘होमबाउंड’ २६ सप्टेंबर २०२५ ला आला. त्याआधी तो कान महोत्सवात दाखवला गेला होता आणि ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून निवडला गेला. पत्रकार बशारत पीर यांच्या २०२० मधल्या लेखावर तो आधारलेला आहे. टाळेबंदीत सुरतहून उत्तर प्रदेशातल्या गावाकडे निघालेल्या दोन मित्रांची ती खरी हकिगत. चित्रपटात एक चंदन, दलित. दुसरा शोएब, मुसलमान. दोघांनाही पोलीस भरतीत उतरायचे आहे, कारण अंगावर वर्दी आली की कुणी नाव विचारणार नाही असे त्यांना वाटते.

हा चित्रपट पाहून आलेल्यांकडून तीन मते ऐकली. ‘खूप रडलो.’ ‘यूपी-बिहारचे आहे, आपल्याकडे एवढे नाही.’ ‘चंदन ओपनमधून फॉर्म का भरतो, मूर्ख आहे का?’

तिसऱ्या मतापासून सुरुवात करू. चंदनला आरक्षणाचा हक्क आहे. पण त्या रकान्यात खूण केली की जात उघडी पडते आणि पुढे आयुष्यभर ‘कोट्यातला’ म्हणून ऐकावे लागते. तो लाजेपोटी हक्क सोडतो. त्याला मूर्ख म्हणण्याआधी आपल्या शहरात भाड्याने खोली शोधणाऱ्या, पुण्यातल्या कंपनीत आडनाव न सांगता पहिल्या नावावर भागवणाऱ्या मुलांना विचारून पाहा. ती लाज त्याची नाही, त्याच्यावर लादलेली आहे. चित्रपटात त्याच्यासमोर सुधा आहे, ती शिक्षणाचा आग्रह धरते. आणि त्याच्या घरात त्याची बहीण आहे, जिच्या शिक्षणाची संधी भावासाठी गेली. आई शाळेत पोषण आहार शिजवायला लागते, तर वरच्या जातीच्या पालकांना ते अन्न चालत नाही. एका कुटुंबात जात, स्त्री असणे आणि गरिबी एकत्र कशी काम करतात, हे दाखवणारे इतके स्वच्छ चित्रण हिंदीत क्वचित आले असेल.

आता दुसरे मत, ‘आपल्याकडे एवढे नाही’. ८ मे २०२० ची पहाट आठवा. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातले मजूर टाळेबंदीत रुळांच्या कडेने चालत निघाले होते. थकून करमाडजवळ सटाणा शिवारात रुळांवरच झोपले. मालगाडीखाली १६ जण गेले. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचे छायाचित्र जगभर छापून आले. करमाड आपल्या शहराला लागून आहे. त्या वाटेने आपण जालन्याला जातो-येतो. ‘होमबाउंड’मधली दोन मुले ज्या रस्त्यावर चालतात, तो रस्ता आपल्या दारावरून गेलेला आहे.

आणि पहिले मत, ‘खूप रडलो’. रडणे खोटे नसते. पण रडून हलके झालो की विषय संपतो, हा धोका आहे. रडू आल्यावर एक प्रश्न विचारावा: मी कुणासाठी रडलो? मेलेल्यासाठी, की मागे राहिलेल्या शोएबसाठी, की त्या बहिणीसाठी जिचे काय झाले हे मी विचारलेच नाही?

मत कधी आणि कुठे द्यावे

‘होमबाउंड’ चित्रपटगृहात फार टिकला नाही. अनेक शहरांत मोजके खेळ आणि तेही अडनिड्या वेळेला. चित्रपटगृहाचे गणित सोपे आणि कठोर असते. शुक्रवार, शनिवार, रविवार या तीन दिवसांत खुर्च्या किती भरल्या, त्यावर सोमवारपासून किती खेळ ठेवायचे ते ठरते. मोठ्या चित्रपटाकडे जाहिरातीचा पैसा असतो. छोट्याकडे प्रेक्षकाचे तोंड असते. म्हणून एखादा चित्रपट पाहावासा वाटत असेल तर पहिल्या तीन दिवसांत पाहावा आणि त्याच रात्री त्यावर चार वाक्ये लिहावीत. ‘नक्की बघा’ एवढे लिहू नये. कोणता प्रसंग आवडला, कोणता खटकला आणि का, हे लिहावे. खटकलेलेही लिहावे. आपल्या चित्रपटातले दोष आपण दाखवले नाहीत, तर ते दाखवण्याचा मक्ता विरोधकांकडे जातो.

हे काम या शहराला नवीन नाही. १९५५ मध्ये मिलिंद महाविद्यालयात म. भि. चिटणीस यांचे ‘युगयात्रा’ हे नाटक बाबासाहेबांच्या उपस्थितीत झाले. पुढे गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ इथूनच चालवले. दलित साहित्य आले, तेव्हा प्रस्थापित समीक्षकांना ते कसे वाचावे हेच कळत नव्हते. त्या साहित्याला स्वतःचे वाचक आणि स्वतःची समीक्षा मिळाली ती अशा नियतकालिकांतून आणि मेळाव्यांतून. कादंबरी-कवितेच्या बाबतीत जे या शहराने केले, ते चित्रपटाच्या बाबतीत अजून झालेले नाही. दर वर्षी इथे अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. त्याच्या जीवनगौरव पुरस्काराचे नाव अजिंठ्याच्या पद्मपाणी बोधिसत्त्वावरून ठेवलेले आहे. तिथे चित्रपटानंतर दिग्दर्शकांना प्रश्न विचारता येतात. त्या रांगेत आपली मुले-मुली जास्त दिसायला हवीत.

वस्तीत काय करता येईल? महिन्यातून एक रविवार, विहाराच्या सभागृहात किंवा अभ्यासिकेत चित्रपट-चर्चा. चित्रपट प्रत्येकाने आपापला पाहून यायचा. ओटीटीचे खाते घरगुती वापरासाठी असते. सामूहिक खेळ करायचा असेल तर निर्मात्याची किंवा वितरकाची परवानगी घ्यावी. अनेक माहितीपट बनवणारे अशी परवानगी आनंदाने देतात आणि स्वतः बोलायलाही येतात. बैठकीत पहिले बोलणे महिलांचे. नंतर वयाने सर्वांत लहान. कार्यकर्ते आणि भाषणाची सवय असलेले शेवटी. एवढी एक अट पाळली तरी मतांचा रंग बदलतो.

पंडितांचा वाद आणि राजाचा वाद

शेवटी, वाद होणारच. ‘सैराट’वरून घराघरांत झाले, ‘जय भीम’ आणि ‘धडक २’ वरून गटागटांत झाले. कुणी गट सोडला, कुणी कुणाला ‘मनुवादी’ म्हटले, कुणी ‘भक्त’ म्हटले.

‘मिलिंदपञ्हा’त राजा नागसेनांना वाद घालण्याचे आमंत्रण देतो, तेव्हा नागसेन आधी अट विचारतात: पंडितासारखा वाद घालणार असाल तर घालू, राजासारखा असेल तर नाही. राजाने फरक विचारला. पंडितांच्या वादात गुंता होतो, सोडवला जातो, चूक दाखवली जाते, चूक मान्य केली जाते आणि तरी कुणी रागावत नाही. राजा मात्र आपले म्हणणे मांडतो आणि न मानणाऱ्याला शिक्षा करतो. मिलिंद राजा होता, तरी त्याने पंडिताचा वाद पत्करला. म्हणून ते संवाद टिकले आणि त्याचे नाव आपल्या महाविद्यालयाला मिळाले.

आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटाचा अ‍ॅडमिन हा आजचा राजा आहे. न पटणारे मत आले की काढून टाकण्याचे बटण त्याच्या हातात आहे. एखाद्या मुलीने ‘मला फुले चित्रपट कंटाळवाणा वाटला’ असे लिहिले, तर तिला जोतीरावांची विरोधक ठरवण्याआधी ‘कोणत्या ठिकाणी?’ एवढे विचारावे. ती कदाचित असे काही सांगेल जे आपल्याला दिसले नाही. आणि नाही सांगितले, तरी पुढच्या चित्रपटाच्या वेळी बोलायला ती गटात असेल.

येत्या शुक्रवारी कुठला तरी चित्रपट लागेल. कुणीतरी विचारेल, ‘कसा वाटला?’ सात प्रश्नांपैकी एकाचे तरी उत्तर द्या. एक प्रसंग सांगा, एक कारण सांगा आणि मग समोरच्याला विचारा, ‘तुला कसा वाटला?’

जय भीम. नमो बुद्धाय.